सणावारी कोण चालतं?

गणपती आठवड्यावर आले की पुण्याच्या सारसबागेत चालणाऱ्या आमच्या बायकांच्या गटाला गळती लागते. कुणाला माळ्यावरून मखर उतरवायचं असतं, कुणाच्या गौरींच्या साड्या इस्त्रीला द्यायच्या राहिलेल्या असतात, कुणाकडे दीड दिवसाला पंगत उठणार असते. "आता काय, दिवाळीनंतरच भेटू," असं म्हणून एकेक जण बूट कपाटात टाकते. या दिवसांत आपल्याकडे कुठलंही काम काढा, रंगारी असो, दाताचा डॉक्टर असो की सोसायटीची मीटिंग, उत्तर हेच मिळतं. पण दिवाळीनंतर काय असतं ते एकदा कालनिर्णय उलटून बघावं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. ती आटपेपर्यंत नाताळच्या सुट्टीत भाचरं येतात, मग एकतीस डिसेंबर, मग संक्रांत, आणि हळदीकुंकवं थेट रथसप्तमीपर्यंत. गणपतीत कपाटात गेलेले बूट बाहेर येतात तेव्हा उन्हं तापायला लागलेली असतात.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. लक्ष्मी रस्त्याच्या काही भागात त्या दिवशी गाड्या बंद असतात आणि माणसं रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात. छानच वाटतं. पण दिवाळीच्या आदल्या रविवारी, ज्या दिवशी त्या रस्त्यावर खरोखर पाऊल ठेवायला जागा नसते, त्या दिवशी हे करून दाखवा म्हणावं. आपल्या पादचाऱ्यांचा दिनसुद्धा दिवाळीनंतरच.

सणांच्या याच काळात आमच्या बिल्डिंगमधल्या पुरुषांचा, रोज पर्वतीची टेकडी चढणारा गट मात्र खंड पडू देत नाही. हे माझ्या लक्षात आलं ते एका नरक चतुर्दशीला. पहाटे घरात उटणं, तेल, कारीट फोडणं, पहिला फटाका सगळं झालं, फराळाची ताटं मांडायला मी ओट्याकडे वळले आणि नवरा बुटाच्या नाड्या बांधत होता. "येतोच तासाभरात. मंडळी थांबलीत." १०३ पायऱ्या चढून, वर देवदर्शन करून, खाली चहा पिऊन ही मंडळी ताजीतवानी परत आली तेव्हा चकलीला मोहन कमी पडलंय का यावर मतं द्यायला मोकळी होती. त्यात त्याचा काही दुष्टावा नव्हता. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, आणि मला कुणी जा म्हटलं नव्हतं. सणात व्यायाम कसा टिकवावा यावर दर दिवाळीत पुरवण्यांमधून लेख येतात; जिना चढा, पाणी प्या, लाडू अर्धा खा. घरात कुणाचं चालणं थांबतं आणि कुणाचं चालूच राहतं, हे त्यात कुठे नसतं.

बायकांचं यावर ठरलेलं उत्तर आहे. "दिवसभर उभीच तर असते. मला वेगळं कशाला चालायला हवं?" माझी जाऊ हे अगदी ठामपणे म्हणायची. तिच्या मुलाने तिला पावलं मोजणारं घड्याळ दिलं आणि त्याने तर तिची बाजू आणखीच पक्की केली. लाडवांचं बेसन परतून, चकल्यांचं पीठ मळून, शंकरपाळ्या लाटून संध्याकाळी तिने मनगट माझ्यापुढे धरलं. घड्याळात रोषणाई, अभिनंदन, दहा हजार पावलं पूर्ण! घराबाहेर ती पडलीच नव्हती. ते घड्याळ मोजतं हाताची हालचाल, आणि कढईत उलथनं फिरवणारा हात त्याला चालणाऱ्या माणसाचा वाटतो. याच्या उलट, मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी चालत येते तेव्हा हात लोंबकळत स्थिर असतात आणि घड्याळ माझी बरीचशी पावलं खाऊन टाकतं. खऱ्या कष्टाची नोंद नाही आणि लाडवांना शाबासकी, असा तो हिशेब.

त्या रात्री मी तिला म्हटलं, नडगीवर अंगठा दाब आणि सोड. तिने दाबला. खळगा पडला, आणि आम्ही बोलत राहिलो तरी तो भरेना. मोज्यांच्या इलॅस्टिकचा वळ घोट्याभोवती गोल उठला होता, पायातली जोडवी रुतली होती. ज्या घरात चार दिवस तळण चालतं त्या घरातल्या बाईला हे पाय ओळखीचे असतात. "वय झालं" किंवा "मीठ जास्त झालं" म्हणून आपण पाय उशीवर टेकवून झोपतो.

कारण साधं आहे. माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरतं, आणि तिथून ते वर चढवायला हृदय एकटं पुरत नाही. पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये झडपा असतात, त्या ते परत खाली येऊ देत नाहीत. चालताना पावलागणिक हे होत असतं. ओट्यापाशी एका जागी उभं राहिलं की पोटरी नुसती ताठ राहते, आवळत-सुटत नाही. रक्त साचतं, पाणी शिरांबाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपतं, पाय जड होतात. म्हणजे दिवसभर उभं राहणं ही चालण्याची भरपाई नव्हेच. दिवसभर उभं राहिलेल्या बाईला चालण्याची गरज उलट जास्त. (एकाच पायाला सूज आली, तो दुखतोय, गरम लागतोय, तर मात्र चालण्याबिलण्याचा विचार न करता डॉक्टर गाठायचा.)

माझी आजी पाटावर बसून तळायची. पीठ आणायला उठायची, परत बसायची, डबा काढायला उठायची, पोरांना दटावायला अंगणात जायची. उभा ओटा आला आणि सगळं हाताच्या अंतरावर आलं. त्याने कामं सोपी झाली यात वाद नाही. आजीचेही गुडघे शेवटी गेलेच, त्यामुळे जुनं ते सोनं असं म्हणायचा माझा विचार नाही. मी एवढंच केलं, की प्रत्येक दोन घाण्यांनंतर गॅस बंद करायचा आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. तेल परत तापेपर्यंत टाचा उचलायच्या, खाली टेकवायच्या. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, तेल तापलंय, कुठे निघालीस?" आता त्या स्वतः कठड्याला धरून टाचा उचलतात.

या अशा तुटक-तुटक चालण्याचा उपयोग काय, असं मला पूर्वी बरेच जण विचारायचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं, जरा दम लागेल अशा हालचालीची सांगते. त्यात आधी सलग दहा मिनिटांपेक्षा कमीचा तुकडा धरत नसत. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. सणातल्या बायकांसाठी यापेक्षा सोयीचा निर्णय कुठल्याही संघटनेने घेतला नसेल. आणि ज्या दहा हजारांवरून जावेचं घड्याळ नाचत होतं, तो आकडा आला जपानमधून. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे चालण्याची हवा होती, आणि १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणताना हा गोल, लक्षात राहणारा आकडा पुढे केला. संशोधन नंतर आलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फरक फारसा वाढत नव्हता. साडेचार हजार म्हणजे तीन-सव्वातीन किलोमीटर. टिळक रोडच्या मागच्या आमच्या घरापासून मंडईत जाऊन, थोडं रेंगाळून परत यायला तेवढं होतंच.

लाडू खाल्ला म्हणून चालायचं, हे गणित मी कधीच सोडून दिलं. मध्यम अंगाच्या बाईने आरामात तासभर चाललं तर जेमतेम दोनशे कॅलरी जळतात, आणि साजूक तुपातला एक बेसनाचा लाडू जवळपास तेवढाच भरतो. चार लाडू, दोन करंज्या आणि वाटीभर चिवडा चालून फेडायचा म्हटलं तर पुणे–सासवड पायी गाठावं लागेल. चालणं म्हणजे फराळाचा दंड असं एकदा डोक्यात बसलं की माणूस दोन दिवस दंड भरतो आणि तिसऱ्या दिवशी दिवाळखोरी जाहीर करतो.

या शहराला खरं तर चालणं शिकवावं लागत नाही, हे गणपतीत दिसतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्कूटर काढून जाणारी माणसं त्या दहा दिवसांत रात्री मंडईपासून सुरुवात करतात, शारदा-गजानन, तुळशीबाग, गुरुजी तालीम, दगडूशेठ, तांबडी जोगेश्वरी, कसबा, मग केसरीवाडा, आणि मध्ये भजी, कणीस, भेळ, देखाव्यासमोर उभं राहणं. पेठांमधले रस्ते संध्याकाळनंतर गाड्यांना बंद, त्यामुळे दुसरा इलाजच नसतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंडईपर्यंत भुयारी मेट्रो आली, पण तीही माणसाला आणून गर्दीत सोडते, पुढे पायच. कडेवर पोर घेतलेला बाप, काठी टेकत आलेली आजी, पिपाण्या वाजवणारी मुलं, कुणी म्हणत नाही की आम्ही वॉकला आलोय. विचारलं तर म्हणतील, गणपती बघायला आलोय. तीन-चार तास सहज पायांवर जातात. त्रास होतो तो फक्त नव्या चपलांचा. गणपतीच्या पहिल्या रात्री नवी कोल्हापुरी घालून निघालेली माणसं बेलबागेपाशी एका पायावर उभी राहून अंगठ्याच्या बेचक्यात बोट घालताना दिसतात. सणाला नवे कपडे जरूर घालावेत, चप्पल मात्र जुनी असावी. पैठणीखाली स्पोर्ट्स शूज घालून मी कसब्याच्या गणपतीला गेले आहे. देवाने काही म्हटलं नाही, नणंदेने म्हटलं.

गणपतीत पाय आपोआप चालतात आणि दिवाळीत का अडतात, तर दिवाळीची खरेदी आपण गाडीच्या डिकीच्या मापाने करतो. एकदाच जाऊन सगळं आणू, असं म्हणत यादी करतो, लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधत पाऊण तास फिरतो आणि भांडत घरी येतो. मी यादीचेच तुकडे केले. पणत्यांसाठी एकदा कसबा पेठेतला कुंभारवाडा. डबे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पॅकिंगचं सामान यासाठी एकदा बोहरी आळी. उटणं आणि रांगोळी कोपऱ्यावरच. भाजके पोहे, डाळं, खोबरं मंडईजवळ. झेंडू आणि लक्ष्मीपूजनाची केरसुणी सगळ्यात शेवटी, कारण केरसुणी घेऊन हिंडता येत नाही, लोकांना टोचते. तांदूळ-तेल-साखर असलं जड सामान वाण्याचा पोऱ्या घरी टाकतो. उरलं ते एका वेळी एका पिशवीत मावतं, आणि पाठीवरची सॅक घेतली तर हातही मोकळे राहतात. ओझं झालंच तर येताना मंडई ते स्वारगेट एक स्थानक मेट्रोने यायचं, त्यात कमीपणा नाही.

कुंभारवाड्याकडे जाताना एका आवाराबाहेर पणत्यांचा ढीग ओला असावा तसा गडद दिसत होता. म्हटलं, भाजल्या नाहीत का? तिथल्या बाई म्हणाल्या, "पाण्यातनं काढल्यात ताई, न्हाईतर समदं तेल पितील." त्यांनी एक कोरडी आणि एक भिजवलेली पणती माझ्या तळहातावर शेजारी-शेजारी ठेवली, कोरडी जिभेला चिकटेल अशी तहानलेली होती. गाडीतून गेले असते तर पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या रंगवलेल्या पणत्या घेऊन परतले असते.

आता पाहुणे. पाहुणे घरात असताना आपण चालायला जाणं हा आपल्याकडे जवळपास अपमान समजतात. घरात आत्या आलेल्या, आणि सून बूट घालून निघाली! यावर बरीच वर्षं तोडगा सापडत नव्हता. "चला आत्या, थोडं चालून येऊ," म्हटलं की आत्यांचा गुडघा, काकांची कंबर, भाच्याचा फोन, सगळं एकदम दुखायला लागायचं. मग एका रात्री जेवणानंतर मी सहज म्हटलं, "पान खाऊन येऊ या का?" आत्या सगळ्यात आधी उठल्या. "मला मसाला, गुलकंद जास्त," असं म्हणत त्यांनीच चपला शोधल्या. जवळचा पानवाला मी मुद्दाम वगळला, "त्याचं पान हल्ली बरं नसतं" अशी त्या बिचाऱ्याची विनाकारण बदनामी केली, आणि सगळा लवाजमा लांबच्या टपरीपर्यंत नेला. जाता-येता अर्धा तास झाला. आत्या वाटेत दोन आकाशकंदील नावाजून, एका रांगोळीत चूक काढून आणि माझ्या नवऱ्याच्या लहानपणीच्या दोन गोष्टी सांगून मोकळ्या झाल्या. या गोष्टी त्याने मला इतक्या वर्षांत सांगितल्या नव्हत्या, त्याला कारणही होतं.

जेवणानंतरचं हे चालणं फराळाच्या दिवसांत विशेष कामाचं. खाल्ल्यानंतर तास-दीड तासात रक्तातली साखर चढते. त्याच वेळात पाय हलत असतील तर स्नायू ती साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनचीही फारशी वाट बघावी लागत नाही. पुरणपोळी, श्रीखंड किंवा बासुंदी खाऊन लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुप्पट चालायचं, त्यापेक्षा ताटावरून उठून दहा-पंधरा मिनिटं रमतगमत फिरून येणं बरं. आपली शतपावली यासाठीच आहे. शंभरावर थांबावं असं कुठे लिहिलेलं नाही.

एकच काळ मी टाळते. लक्ष्मीपूजनाची रात्र आणि दुसऱ्या दिवशीची पहाट. फटाक्यांचा धूर थंडीत वर जात नाही. जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण असतं, त्याखाली तो अडकून राहतो. पाडव्याच्या पहाटे साडेपाचला रस्त्यावर दिसतं ते धुकं आहे असं समजून खोल श्वास घेत चालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. त्या दिवशी उन्हं वर आली, वारा सुटला, की मगच बाहेर पडावं. दम्याच्या माणसाने तर घरातच फेऱ्या माराव्यात. पर्वतीचा गट मात्र ऐकत नाही. त्यांचा खंड पडतो ना!

तर नवरा. गेल्या दिवाळीत मी आणि जाऊने मिळून दोन गोष्टी ठरवल्या. चकल्या आणि अनारसे एका बचत गटाकडून विकत आणायचे. यावर घरात दोन दिवस सुतक होतं, मग चकली तोंडात गेली आणि ते संपलं. दुसरी गोष्ट, लाडवांचं बेसन पुरुषांनी भाजायचं. बेसन मंद आचेवर पाऊण तास तरी हलवत राहावं लागतं, हात थांबला की तळाला लागतं. बुद्धी लागत नाही, चिकाटी लागते, आणि पर्वती रोज चढणाऱ्या माणसाकडे ती असायलाच हवी.

धनत्रयोदशीला संध्याकाळी त्याच्या हातात उलथनं दिलं, जावेचं ते घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं आणि आम्ही दोघी झेंडू आणायला निघालो. टिळक रोड ओलांडतोय तोवर फोन.

"रंग बदललाय. झालं बहुतेक."

"वास येतोय का खमंग?"

"कच्चा येतोय."

"मग हलवत राहा. गॅस बारीक आहे ना?"

मंडईत फुलवाल्याशी भाव करत होतो तेव्हा परत. आता तूप सुटत नाहीये म्हणे. जाऊ म्हणाली, "भावजी, सुटेल. तुम्ही फक्त थांबू नका." तिसरा फोन आला तेव्हा आम्ही तुळशीबागेत काहीही काम नसताना साच्यांच्या दुकानासमोर उभ्या होतो.

"अगं, पाय भरून आलेत माझे. तुम्ही दोघी आहात कुठे?"

"आलोच," मी म्हटलं, आणि जावेने कसब्याकडचा लांबचा रस्ता धरला.